झोपेत दात खाण्यावर दाढा घासून घेणं हा इलाज नाही

प्रश्न : माझं वय ४१. जालन्यात घरीच ब्लाउज-ड्रेस शिवते. रात्री मी करकर दात खाते, असं आमचे हे दोन वर्षांपासून सांगतात. सकाळी उठल्यावर जबडा आंबलेला असतो, कानशिलं ठणकतात आणि तोंड उघडताना डाव्या कानापुढे ‘कट्’ वाजतं. कानाच्या डॉक्टरांनी कान चांगला आहे म्हणून सांगितलं. गेल्या महिन्यात खालच्या उजव्या दाढेचा कोपरा उडाला. दातांच्या एका डॉक्टरांनी साडेचार हजारांचा नाइट गार्ड (रात्री दातांवर चढवायचं कवच) सांगितला. दुसरे म्हणाले, सगळ्या दाढा थोड्या थोड्या घासून ‘लेव्हल’ करू, त्रास मुळापासून जाईल. मेडिकलमध्ये आठशे रुपयांत मऊ गार्ड मिळतोय. तीन महिन्यांपूर्वी चिंतेसाठी एस्सिटॅलोप्रॅमची गोळी सुरू झाली, तेव्हापासून दात खाणं वाढल्यासारखं वाटतं. सासूबाई म्हणतात पोटात जंत असतील. माझा सात वर्षांचा मुलगाही झोपेत दात खातो, त्यामुळे मलाही ते खरं वाटायला लागलंय. नेमकं काय करू?
– एक वाचक, जालना

उत्तर : ताई, दाढा घासून घेऊ नका. बाकीचं सविस्तर सांगतोच, पण एवढं आजच ठरवा. तुमच्यापुढे जितके पर्याय आहेत, त्यांतला हा एकच असा आहे की नंतर पस्तावलात तरी मागे फिरता येत नाही. इनॅमल, म्हणजे दातावरचं टणक आवरण, तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपलेल्या असतात. एकदा गेलेलं इनॅमल पुन्हा येत नाही, मग ते तुम्ही झोपेत घासा किंवा डॉक्टरांनी मशीनने घासू द्या.

दात उंचसखल बसतात म्हणून माणूस ते घासतो, ही समजूत दंतवैद्यकातही कित्येक दशकं होती. म्हणून ‘लेव्हल’ करण्याचा सल्ला अजून ऐकू येतो. प्रत्यक्षात झोपेत मेंदू काही क्षण अर्धवट जागा होतो, नाडी वाढते आणि त्यापाठोपाठ चावण्याचे स्नायू साधारण सेकंदाला एकदा अशा तालात आवळले जातात. सुरुवात मेंदूतून होते, दाढांच्या उंचीतून नव्हे. २०१८ साली या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मिळून जी व्याख्या मांडली, तिच्यात तर झोपेतलं दात खाणं ही स्नायूंची एक हालचाल धरली आहे. एरवी निरोगी असलेल्या माणसात तो आजारच नव्हे. दातांना, स्नायूंना, सांध्याला इजा होऊ लागली की मात्र लक्ष घालायचं. तुमच्या बाबतीत ती वेळ आली आहे. एक अपवाद लक्षात ठेवा : नुकतीच बसवलेली कॅप किंवा भरलेली दाढ केसाएवढी जरी उंच राहिली, तरी तोंड मिटताना तीच आधी लागते आणि ठणकते. ती तेवढी घासून बरोबर करून घ्यायची. ती दुरुस्ती झाली. तिचं निमित्त करून धडधाकट दाढांना हात लावायचं कारण नाही.

आता दुखतंय कुठे ते बघू. दोन्ही गालांवर बोटं ठेवा आणि एकदाच दात आवळा. बोटांखाली जो गोळा टणक होतो तो मासेटर, चावण्याचा मुख्य स्नायू. कानशिलावर बोटं ठेवून आवळलंत तर तिथेही हालचाल जाणवेल, तो टेम्पोरालिस. रात्रभर काम केलेले हेच स्नायू सकाळी आंबलेले असतात आणि कानशिलं ठणकतात तीही बहुधा त्यांच्यामुळेच. आता कानाच्या भोकापुढे जो छोटा मऊ उंचवटा असतो, त्याच्या किंचित पुढे बोट टेकवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जे सरकतं तो जबड्याचा सांधा. कानाच्या नळीला तो इतका लागून आहे आणि त्या भागाची नस कानालाही इतकी जवळची, की सांधा दुखला तर माणूस आधी कानाच्या डॉक्टरांकडेच जातो. तुम्ही गेलात ते बरोबरच केलंत.

‘कट्’ वाजतं ते सांध्यातल्या चकतीमुळे. हाडाच्या टोकावर टोपीसारखी बसलेली ही कूर्चेची चकती थोडी पुढे सरकलेली असते आणि तोंड उघडताना टप्कन जागेवर येते. असा आवाज पुष्कळ निरोगी लोकांच्या जबड्यात असतो. दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर नुसत्या आवाजावर उपचार करायचे नसतात आणि गार्ड लावला म्हणून तो जाईल अशी अपेक्षाही ठेवू नका. मुद्दाम वाजवून मात्र बघू नका. तोंड किती उघडतं ते असं मोजा : स्वतःची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायची. तिन्ही सहज गेली तर ठीक. एखाद्या दिवशी आवाज अचानक बंद झाला आणि दोनच बोटं जायला लागली, तर चकती अडकली असं समजा आणि त्याच आठवड्यात दाखवा. सुपारी, गुटखा, मावा खाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवायचं : तोंड हळूहळू कमी उघडत चाललंय, तिखट लागलं की आग होते, गाल आतून पांढरट आणि ताठ झालेत, तर तो सांध्याचा त्रास नव्हे. ते सबम्युकस फायब्रोसिस असू शकतं. त्यातून पुढे तोंडाचा कर्करोग होण्याचा धोका असतो, म्हणून त्याची तपासणी वेगळी आणि तातडीची.

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आम्हाला वाटला ‘शिवते’. रात्रीच्या दात खाण्यावर तुमचा ताबा नाही, पण जबडा दिवसाही राबत असतो आणि तिथे पुष्कळ करता येतं. सुई ओवताना, गळ्याला पायपिंग लावताना, हुक-काजे करताना दात एकमेकांवर टेकलेले असतात का, हे उद्या पकडून बघा. बहुतेक टेकलेलेच सापडतील. आवाज होत नाही म्हणून दिवसाचं हे दाबणं कोणाच्या ध्यानात येत नाही. खरं तर जेवणं-गिळणं धरून दिवसभरात वरचे-खालचे दात एकमेकांना जेमतेम पंधरा-वीस मिनिटं लागायला हवेत. एरवी ओठ मिटलेले आणि दात सुटे, दाढांमध्ये दोन ते चार मिलिमीटरची फट, अशी जबड्याची विश्रांतीची जागा असते. जीभ कुठे ठेवायची? ‘न’ म्हणा आणि जीभ जिथे टेकली तिथेच राहू द्या, वरच्या पटाशीच्या दातांच्या लगेच मागे. (‘ण’ नव्हे, ती जागा फार मागे जाते.) जीभ तिथे असली की दात आवळणं अवघड होतं.

हे दिवसभर आठवत नाही, हीच अडचण. मशीनच्या दांड्यावर नजरेसमोर एक टिकली चिकटवा. टिकली दिसली की ओठ मिटून दात सोडायचे, खांदे खाली घ्यायचे, एक लांब श्वास सोडायचा. बॉबिन भरायला थांबलात की पुन्हा तेच. आठ-दहा दिवसांनी टिकलीकडे लक्ष जाईनासं होतं, तेव्हा तिची जागा बदला. टाचण्या दातांत धरणं आणि दोरा दाताने तोडणं आजपासून बंद. आरशात वरच्या पुढच्या दातांची कड निरखून बघा, वर्षानुवर्षं दोरा तोडणाऱ्यांच्या दाताला तिथे बारीक खाच पडलेली असते. मनगटावर बांधायची टाचण्यांची गादी आणि गळ्यात दोरीला छोटी कात्री, एवढ्यात काम भागतं. आणि फोन खांदा नि कानात धरून कपडा सरकवायचा नाही.

दुखणं उतरण्यासाठी चार ते सहा आठवडे नेमाने हे करा. नॅपकिन गरम पाण्यात बुडवून पिळायचा, मनगटाला सोसतो का ते बघायचं आणि दोन्ही गाल-कानशिलांवर १५ ते २० मिनिटं ठेवायचा, सकाळी एकदा आणि झोपण्यापूर्वी एकदा. त्यानंतर मासेटरच्या गोळ्यावर दोन बोटांनी मिनिटभर हलके गोल फिरवून चोळायचं. मग व्यायाम : जीभ त्या ‘न’च्या जागी ठेवूनच तोंड उघडायचं, जीभ सुटू लागली की थांबायचं, हळू मिटायचं. असं सहा वेळा, दिवसातून सहा वेळा. एवढंच उघडलं तर बहुधा ‘कट्’ वाजतही नाही. वाजलंच, तर उघडणं आणखी कमी करा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा, म्हणजे जबडा एकदम खाली जात नाही.

या काळात खाण्यात भाकरी बंद करायची गरज नाही, ती आमटीत किंवा दुधात कुस्करून खा. चिक्की, ऊस, फुटाणे, कडक लाडू, सुपारी आणि चिंगम नको. पेरू-सफरचंद दाताने फोडायचं नाही, फोडी करून दाढेखाली घ्यायच्या. जबडा बळकट व्हावा म्हणून मुद्दाम चिंगम चघळा, असंही कोणी सांगेल. थकलेल्या स्नायूला आणखी कामाला लावल्यासारखं होईल ते.

दाढेचं बोलू. कोपरा उडालेली दाढ गार्डच्या आधी दुरुस्त झाली पाहिजे. हा क्रम चुकला की पैसे दोनदा जातात, कारण गार्ड दातांच्या आजच्या आकारावर बनतो. नंतर कॅप बसवली की तो बसेनासा होतो. डॉक्टरांना आधी दोन गोष्टी विचारा. एक, दाढेला तडा गेलाय का? चावताना नाही पण चावलेलं सोडताना क्षणभर कळ येत असेल, तर तडा असण्याची शक्यता बरीच, आणि तो एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. दोन, नस शाबूत आहे का? गार पाण्याची कळ पाणी तोंडातून गेल्यावर लगेच थांबत असेल तर बहुधा शाबूत असते. मिनिटभर रेंगाळत असेल, किंवा रात्री आपोआप ठणकत असेल, तर रूट कॅनलचा विचार करावा लागतो. दात खाणाऱ्यांना अखंड झिरकोनियाची (हे एक कणखर सिरॅमिक) किंवा धातूची कॅप बरी पडते. धातूवर पोर्सिलेनचा थर दिलेल्या कॅपचा थर उडतो. झिरकोनिया मात्र आरशासारखी गुळगुळीत पॉलिश केलेली हवी, नाहीतर खरखरीत कॅप समोरची दाढ खाते.

गार्ड घ्या, पण त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते समजून घ्या. गार्डने दात खाणं थांबत नाही. सुरुवातीला काही आठवडे स्नायू थोडे शांत झाल्यासारखे वाटतात, पुढे बहुतेकांचं पूर्ववत चालू राहतं. फक्त झिजायचं ते गार्डचं अॅक्रिलिक (कडक प्लास्टिक) झिजतं, दात वाचतात. तेवढ्यासाठीही साडेचार हजार वाया जात नाहीत, एका कॅपचा खर्च डोळ्यापुढे आणा. तो कडक अॅक्रिलिकचा, एका जबड्यातले सगळे दात झाकणारा आणि दाढांवर साधारण दोन मिलिमीटर जाडीचा असावा. फक्त पुढच्या दातांवर बसणारे छोटे गार्ड असतात, ते तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय नकोत. मागच्या दाढांना समोर काही टेकायला नसलं की त्या हळूहळू वर येतात आणि मग तोंड मिटल्यावर पुढचे दात जुळेनासे होतात. मेडिकलमधला गरम पाण्यात बुडवून चावायचा मऊ गार्ड दोन-चार आठवड्यांच्या तात्पुरत्या सोयीपुरता ठीक. तो समतोल बसत नाही, आणि तोंडात चघळायला काही मऊ मिळालं की काहींचे स्नायू उलट जास्त आवळतात. जोराने दात खाणाऱ्याच्या तोंडात तो काही महिन्यांत भोकं पडून फाटतो.

गार्डची खरी किंमत तो बसवताना लागणाऱ्या वेळेत आहे. लॅबमधून आलेला गार्ड दातांवर चढवून ‘झालं’ म्हटलं, तर ते अपुरं काम. निळा कागद ठेवून चावल्यावर समोरच्या सगळ्या दातांच्या खुणा गार्डवर दोन्ही बाजूंना सारख्या उमटल्या पाहिजेत. जबडा डावी-उजवीकडे सरकवला की भार सुळ्यावर यायला हवा आणि दाढा सुटायला हव्यात. त्यासाठी डॉक्टर तो दहादा काढून घासतील. घासू द्या, तिथे अॅक्रिलिक झिजतंय, दात नव्हे. आठवड्याने एकदा आणि महिन्याने पुन्हा दाखवायचा, पुढे दर सहा महिन्यांनी, प्रत्येक वेळी गार्ड सोबत नेऊन. पहिल्या चार-पाच रात्री लाळ जास्त येते. सकाळी काढल्यावर दात काही मिनिटं वेगळेच बसल्यासारखे वाटतात, हेही नेहमीचं. पण एकाच दाताला ठणका लागला किंवा दुपारपर्यंत दात जुळले नाहीत, तर तो वापरू नका, दाखवा. धुवायचा थंड पाणी, मऊ ब्रश आणि भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब घेऊन. टूथपेस्टने त्यावर ओरखडे पडतात, गरम पाण्याने तो वाकडा होतो. आणि तो फक्त रात्रीसाठी, मशीनवर बसताना लावायचा नाही. खर्च जड वाटत असेल तर तुम्हाला छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय जवळ आहे. तिथे प्रोस्थोडोंटिक्स (कॅप-कवळी बनवणाऱ्या) विभागात विचारा, सांध्याच्या तपासणीसाठी ओरल मेडिसिन (तोंडाच्या विकारांच्या) विभागात.

गार्डचं माप द्यायच्या आधी यजमानांना एक काम सांगा. चार-पाच रात्री नीट ऐकायचं : नुसती करकर आहे, की घोरणंही आहे, मध्ये श्वास थांबून एकदम दचकल्यासारखा सुरू होतो का? तसं असेल, किंवा दिवसा डोळ्यांवर झापड येत असेल, बीपी वाढलेलं असेल, तर आधी झोपेची तपासणी. झोपेत श्वास अडकणाऱ्या काही जणांचा त्रास वरच्या जबड्याच्या साध्या गार्डने वाढू शकतो. त्यांच्यासाठी खालचा जबडा पुढे धरणारं वेगळं साधन असतं.

गोळीबद्दल तुमची शंका रास्त आहे. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या गटातल्या औषधांनी काहींचं दात खाणं सुरू होतं किंवा वाढतं, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत. पण ती मनाने बंद करायची नाही. एकदम सोडली तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं हे होतं आणि मूळची चिंता परत येते ती वेगळीच. तारखा लिहून न्या : गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, जबडा जास्त कधी दुखायला लागला. एवढ्या माहितीवर मानसोपचारतज्ज्ञ डोस, घ्यायची वेळ किंवा औषध बदलू शकतात. चहाचंही बघा. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, तेव्हा लग्नसराईत काम रात्रीपर्यंत चालत असलं तरी शेवटचा कप चारच्या आत. कोणत्याही रूपातली तंबाखूही बंद हवी. मिश्री लावत असाल तर ती तंबाखूही आहे आणि दात खरवडणारी पूडही. मऊ ब्रश आणि १००० ते १४५० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट वापरा, घासून झाल्यावर थुंका, खळाखळा चूळ भरून फ्लोराइड धुवून टाकू नका. आंबट ढेकर येत असतील किंवा सकाळी लिंबूपाणी घ्यायची सवय असेल, तर त्यानंतर साध्या पाण्याने चूळ भरून अर्धा-पाऊण तास ब्रश करायचा नाही. आम्लाने मऊ झालेलं इनॅमल ब्रशनेही जातं आणि रात्रीच्या घासण्यानेही जास्त वेगाने झिजतं.

मासेटरमध्ये बोटॉक्सची इंजेक्शनंही कोणी सुचवेल. त्यांनी आवळण्याची ताकद तीन-चार महिने कमी होते, दात खाणं थांबतं असं नाही. बाकी सगळं करून दमल्यावर, जाणत्या डॉक्टरांकडे, एवढीच त्याची जागा. सहा आठवडे नेमाने करूनही दुखणं निम्म्यावर आलं नाही तर ओरल मेडिसिनच्या डॉक्टरांना गाठा. जबडा उघडाच राहिला आणि मिटेना, गालावर सूज येऊन ताप आला, चेहऱ्याचा भाग बधिर झाला, किंवा जिना चढताना जबडा दुखतो आणि चढणं थांबवलं की दुखायचा थांबतो असं झालं, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. शेवटचं लक्षण हृदयाचं असू शकतं.

आता सासूबाई आणि जंत. ही समजूत घरोघर आहे, पण झोपेतल्या दात खाण्याचं कारण जंत असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. मुलाला शाळेत जंतनाशक दिनाला मिळणारी ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोलची गोळी जरूर द्या, ती जंतांसाठी द्यायलाच हवी. म्हणजे सासूबाईंचाही मान राहील. दात खाणं त्याने थांबलं नाही तर घाबरू नका. या वयाच्या मुलांत ते खूप आढळतं आणि वय वाढेल तसं बहुतेकांचं कमी होतं. जबडा वाढतोय आणि दुधाचे दात पडताहेत, तेव्हा त्याला सहसा गार्ड देत नाहीत. बघायचं ते वेगळंच : तो तोंड उघडं टाकून झोपतो का, घोरतो का, सर्दी कायमची आहे का, झोपेत मान मागे टाकतो का? यातलं काही असेल तर टॉन्सिल-अॅडिनॉइड (घशातल्या आणि नाकामागच्या गाठी) वाढलेले असू शकतात. तुमचा कान तपासणाऱ्या त्याच डॉक्टरांना त्याचा घसा दाखवा, आणि जाताना तो झोपेत श्वास कसा घेतो याचा मिनिटभराचा व्हिडिओ मोबाइलवर काढून न्या.